बापलेक

पर्पेतुआनं आपली तुरुंगातली हकिगत सुरू केली आहे ती वडिलांशी झालेल्या वादावादीनं. पहाऱ्यात अडकलेली २२ वर्षांची लेक आणि तिला समजावून घरी न्यायला आलेला बाप. बाप हट्टाला पेटला होता, पण ते माझ्यावरच्या मायेपोटी, एवढं सांगूनच ती पुढे जाते. जवळ एक भांडं होतं. ते दाखवून तिनं त्याला विचारलं, की याला भांड्याखेरीज दुसरं काही म्हणता येईल का. तो म्हणाला, नाही. तशीच मी ख्रिस्ती आहे, मलाही दुसरं काही म्हणवून घेता येणार नाही, असं तिनं सांगितलं. ते ऐकताच बापाचा तोल गेला. आता पोरीचे डोळेच काढतो की काय अशा आवेशात तो अंगावर धावून आला, आणि तसाच परत फिरला. पुढे काही दिवस तो आला नाही. तो आला नाही म्हणून आपल्याला बरं वाटलं, आपण देवाचे आभार मानले, हेही तिनं लिहून ठेवलं आहे.

संतांची चरित्रं मी लहानपणापासून वाचत आले. त्यांतले आईबाप बहुधा दोनच प्रकारचे असतात. एक तर पोराला देवाच्या वाटेला लावणारे, नाहीतर त्या वाटेत आडवे येणारे दुष्ट. पर्पेतुआचा बाप यांत कुठेच बसत नाही. त्याचा तिला जाच होतो, त्याची दया येते, त्याच्या म्हाताऱ्या चेहऱ्याकडे बघून तिला भडभडून येतं. आणि तरी ती त्याचं ऐकत नाही. दर थोड्या पानांनी तो पुन्हा दारात उभा. मरण दिवसांवर आलेलं असताना एका तरुण बाईनं लिहायला घेतलं आणि त्या मोजक्या पानांत बापाला एवढी जागा दिली, याचं मला पहिल्या वाचनापासून नवल वाटत आलं आहे.

ही गोष्ट कार्थेजची. आजच्या ट्युनिशियात, ट्युनिस शहराच्या अंगाला त्याचे अवशेष आहेत. रोमनांनी इ.स.पू. १४६ मध्ये हे शहर धुळीला मिळवलं आणि पुढे त्याच जागी आपलं म्हणून पुन्हा वसवलं. इ.स. २०३ मध्ये ते आफ्रिका प्रांताची राजधानी होतं. रोमच्या गादीवर सेप्टिमियस सेव्हरस होता, तोही आफ्रिकेतलाच, लेप्टिस माग्नाचा. त्या वर्षी कार्थेजमध्ये काही तरुण ख्रिस्ती दीक्षार्थींना धरलं. त्यांचा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, अजून व्हायचा होता. विबिया पर्पेतुआ त्यांतली खानदानी मुलगी: शिकलेली, रीतसर लग्न झालेली, कडेवर तान्हा मुलगा. तिच्याबरोबर रेवोकातस आणि फेलिसिती हे गुलाम, शिवाय सातुर्निनस आणि सेकुंदुलस. फेलिसिती गरोदर होती. त्यांना शिकवणारा सातुरस त्या वेळी तिथे नव्हता. आपली माणसं आत गेल्याचं कळल्यावर तो आपणहून हजर झाला. पहाऱ्यात असतानाच सगळ्यांनी स्नानसंस्कार घेतला.

पर्पेतुआच्या पानांत तिच्या नवऱ्याचा उल्लेख कुठेच नाही. अभ्यासकांनी त्यावर पुष्कळ तर्क लढवले आहेत, मला त्यांत गोडी नाही. ज्या माणसाबद्दल ती बोलते त्याच्याबद्दलच आपणही बोलावं.

हे सगळं आपल्यापर्यंत आलं ते एका छोट्या लॅटिन पुस्तिकेतून. तिच्यात तिघांचं लेखन आहे. मधली पानं पर्पेतुआची, तिनं स्वतः लिहिलेली. त्यापाठोपाठ सातुरसनं लिहिलेलं त्याचं एक स्वप्न. मागचंपुढचं सगळं एका निनावी संकलकाचं. तो कार्थेजचाच लेखक तेर्तुलियन असावा असं पुष्कळांना वाटतं, पण ते पक्कं ठरलेलं नाही. ख्रिस्ती बाईनं स्वतः लिहिलेलं आणि आज हाती असलेलं याहून जुनं लेखन सापडणं कठीण. ही पुस्तिका मधली कित्येक शतकं जवळजवळ विस्मरणात गेली होती. मग सतराव्या शतकात मोन्ते कासिनोच्या मठात एक हस्तलिखित मिळालं आणि १६६३ मध्ये ते छापलं गेलं. १८८९ मध्ये जेरुसलेममध्ये तिचा ग्रीक पाठही सापडला.

आमच्या वसईत पर्पेतुआचं नाव मी फार आधीपासून ऐकलं होतं. मिस्सेची जी लांब प्रार्थना क्वचितच म्हटली जाते, तिच्यात फेलिसिती, पर्पेतुआ, आगाथा, लुसी, अ‍ॅग्नेस, सिसिलिया, अनास्तासिया अशी नावं ओळीनं येतात. फादर ती एका दमात म्हणत आणि आम्ही मुलं गुडघे दुखायला लागले म्हणून चुळबुळत असू. त्या ओळीतल्या एका बाईनं स्वतःच्या हातानं काही लिहून ठेवलं आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पुढे माझी मुलगी अंगावर पीत होती त्या दिवसांत ते पुस्तक माझ्या हाती आलं. एरवी मी काय वाचलं असतं कुणास ठाऊक. त्या दिवसांत मला त्यातलं दूधच सगळ्यांत आधी दिसलं.

पहिल्यांदा तुरुंगात टाकलं तेव्हा पर्पेतुआ घाबरली. असला काळोख तिनं कधी पाहिला नव्हता. माणसांची खेचाखेच, त्यानं झालेला उकाडा, पैशांसाठी शिपायांची दमदाटी. पण तिचा जीव तुटत होता तो बाळासाठी. तेर्तियस आणि पोम्पोनियस हे डीकन त्यांची विचारपूस करायला येत. त्यांनी पहारेकऱ्यांचे हात ओले केले आणि कैद्यांना काही तास तुरुंगाच्या बऱ्या भागात आणवलं. बाकीचे मोकळा श्वास घेत होते, ही मुलाला पाजायला बसली. तो उपासानं मलूल झाला होता. पाजता पाजता आईशी त्याच्याविषयी बोलली, भावाला धीर दिला, मूल त्यांच्या हवाली केलं. आपल्यापायी ही माणसं झिजताहेत हे पाहून ती स्वतः झिजत होती. मग काही दिवसांनी मुलाला तुरुंगात जवळ ठेवायची परवानगी मिळाली आणि एकदम सगळं बदललं. तिची तब्येत सुधारली. ज्या कोठडीची भीती वाटली होती, तिथून दुसरीकडे कुठे जावंसंही तिला वाटेना. ज्या बाईनं घरात कधी काही कमी पाहिलं नव्हतं, तिला कुशीत मूल आल्यावर तुरुंग पुरेसा झाला.

त्यानंतर भावानं सुचवलं, की पुढे काय होणार ते देवाला विचार. तिनं विचारलं आणि तिला स्वप्न पडलं. आकाशाला भिडलेली ब्राँझची शिडी, एका वेळी एकच माणूस चढेल एवढी अरुंद. दोन्ही अंगांना तलवारी, भाले, आकडे लावलेले. बेसावध चढणाऱ्याच्या मांसाचे लचके निघावेत असे. पायथ्याशी अजगर. सातुरस आधी वर गेला. मागोमाग ती अजगराच्या डोक्यावर, जणू तीच पहिली पायरी असावी तसा पाय ठेवून चढली. वर मोठी बाग होती. मेंढपाळाच्या वेशात एक पांढऱ्या केसांचा उंच माणूस मेंढ्यांची धार काढत बसला होता, भोवती पांढऱ्या कपड्यांतले हजारो लोक. त्यानं तिला लेकरू म्हणून जवळ बोलावलं आणि दुधाच्या चक्क्याचा एक घास दिला. तिनं तो ओंजळीत घेतला, खाल्ला, सगळे आमेन म्हणाले. त्या आवाजानं ती जागी झाली तरी तोंडात काहीतरी गोड घोळत होतं.

यावर धर्मपंडितांनी, मानसशास्त्राच्या जाणकारांनी खूप लिहिलं आहे. त्यांतलं बरंचसं खरंही असेल. मला एवढंच दिसतं, की दिवसभर दुसऱ्याला पाजणाऱ्या, स्वतः अर्धपोटी असलेल्या बाईला स्वप्नात कुणीतरी दुधाचं खाऊ घातलं. सगळ्यांचं बघणाऱ्या तिला कुणीतरी लेकरू म्हटलं. जागी झाल्यावर तिनं भावाला सांगितलं, की आता सुटका नाही, मरायचंच आहे. त्या दिवसापासून दोघांनीही या जगातली आशा सोडली.

मग बाप पुन्हा आला. खटला उभा राहणार अशी कुणकुण गावात लागली होती. या खेपेला त्यानं राग घरी ठेवला होता. माझ्या पांढऱ्या केसांकडे बघ, म्हणाला. तुझ्या भावांपेक्षा तुला जास्त जीव लावला, याच हातांनी तुला एवढी वाढवली. आईकडे बघ, मावशीकडे बघ, या मुलाकडे बघ, तो तुझ्यामागे जगायचा नाही. तुझं काही बरंवाईट झालं तर आम्हाला चार लोकांत तोंड उघडायची सोय राहणार नाही. बोलता बोलता तिचे हात चुंबत होता, पायाशी लोळण घेत होता, रडत होता आणि मुलगी न म्हणता बाईसाहेब म्हणत होता. सत्ता गाजवायची सवय असलेल्या रोमन घरधन्यानं मुलीच्या पायावर पडणं ही त्या समाजात किती उलटी गोष्ट होती हे समजायला फार इतिहास वाचावा लागत नाही. पर्पेतुआला वाईट वाटलं. घरातल्या सगळ्यांत हा एकटाच असा आहे की ज्याला माझ्या या मरणात आनंद मानता येणार नाही, हे तिचं दुःख. देवाची इच्छा असेल ते होईल असं काहीतरी सांगून तिनं त्याला वाटेला लावलं.

मराठी वाचकाला हे घर अगदीच परकं वाटणार नाही. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले तेव्हा मागे राहिलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर काय कोसळलं, हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त स्वतः सांगितलं आहे. पुढे त्या स्वतःही ख्रिस्ती झाल्या, पण त्या दिवसांतला आकांत त्यांनी सौम्य केला नाही. आपल्याकडे धर्मांतराबद्दल बोलणारे बहुतेक जण जाणाऱ्याच्या बाजूनं तरी बोलतात किंवा त्याच्यावर तुटून तरी पडतात. मागे राहिलेल्याचं रडं नोंदवून ठेवायला वेगळी ताकद लागते. लक्ष्मीबाईंकडे ती होती, कारण त्या स्वतःच मागे राहिल्या होत्या. पर्पेतुआ तर जाणारी होती. जाणाऱ्यानंच मागच्याचा आकांत लिहून ठेवल्याचं दुसरं उदाहरण मला पटकन आठवत नाही.

एक दिवस दुपारचं जेवण चालू असताना त्यांना एकाएकी उठवून न्यायालयात नेलं. बातमी पसरली आणि चौकात ही गर्दी लोटली. प्रांताधिपती नुकताच वारला होता; त्याच्या जागी मृत्युदंडाचा अधिकार हिलारियानस नावाच्या अधिकाऱ्याकडे आला होता. बाकीच्यांनी आपण ख्रिस्ती असल्याचं कबूल केलं. तिची पाळी आली तेवढ्यात बाप तिच्या मुलाला घेऊन पुढे झाला आणि तिला पायरीवरून खाली ओढून म्हणाला, आहुती दे, मुलाची दया कर. हिलारियानसनंही तेच म्हटलं. बापाच्या पिकल्या केसांचा विचार कर, मुलाच्या कोवळ्या वयाचा विचार कर, सम्राटांच्या क्षेमासाठी आहुती दे. त्याला मी राक्षस म्हणणार नाही. तो तिला सुटायला वाट देत होता, आणि ती वाट गावातले बाकीचे लोक रोज बिनदिक्कत चालत होते. तिनं नकार दिला. तू ख्रिस्ती आहेस का? आहे. बाप तरीही तिला खाली ओढायला बघत राहिला, तेव्हा हिलारियानसनं हुकूम सोडला आणि त्याला खाली पाडून छडीनं मारलं.

बापाला बसलेला तो मार आपल्याच अंगावर बसल्यासारखा तिला लागला, असं ती लिहिते. त्याच्या केविलवाण्या म्हातारपणाचं तिला वाईट वाटलं. नंतर सगळ्यांना हिंस्र जनावरांपुढे टाकायची शिक्षा झाली आणि ते आनंदात तुरुंगात परतले, एवढंच त्या शिक्षेबद्दल आहे. स्वतःच्या मरणाला एक वाक्य आणि बापाच्या अंगावरच्या छडीला दोन. ही सगळी पानं मी याच एका जागेपाशी येऊन ताडून बघते. जिला घरच्यांची माया उरलेली नाही ती बाई असं लिहीत नाही. मुलाला सोडून ती मरायला तयार झाली हे मला आजही जड जातं. आई म्हणून मी तिच्या बाजूनं उभी राहू शकेन की नाही, सांगता येत नाही. पण तिला काही तुटत नव्हतं, ती दगड झाली होती, असं म्हणणाऱ्याशी मी भांडेन.

तुरुंगात आल्यावर तिनं लगेच पोम्पोनियसला मुलाला आणायला बापाकडे पाठवलं. मूल अंगावर प्यायची सवय असलेलं. बापानं द्यायला नकार दिला. त्याच्या हाती आता तेवढंच उरलं होतं. आणि इथे पर्पेतुआनं एक बारीकशी गोष्ट लिहिली आहे: मुलानं पुन्हा दूध मागितलं नाही, आणि माझी छातीही भरून ठणकली नाही. मुलाच्या काळजीनं आणि त्या दुखण्यानं मी हैराण होऊ नये म्हणून देवानंच हे केलं, असं ती म्हणते. ज्यांनी एका दिवसात दूध तोडलं आहे त्यांना हे वाक्य काय आहे ते कळेल. छाती दगडासारखी होते, गाठी येतात, ताप चढतो, कपडा लागला तरी कळ जाते. संतचरित्र रचणाऱ्या पुरुषाला हा चमत्कार सुचला नसता. त्यानं आकाशातून प्रकाश आणला असता. तिला हवं होतं ते एवढंच, की ठणका नको आणि पोर रडायला नको.

त्यानंतरच तिला आपला मेलेला भाऊ आठवला. दिनोक्रातेस. सात वर्षांचा असताना चेहऱ्यावरच्या कर्करोगानं गेलेला. ते मरण इतकं वाईट होतं की बघणाऱ्यांना शिसारी आली होती. सगळे प्रार्थना करत असताना अचानक तिच्या तोंडून त्याचं नाव गेलं, आणि इतके दिवस तो आपल्या मनात कसा आला नाही याचं तिलाच आश्चर्य वाटलं. त्या रात्री तो तिला दिसला: काळोखातून बाहेर येणारा, तहानलेला, मळका, चेहऱ्यावर तीच जखम. समोर पाण्यानं भरलेला हौद, पण त्याचा काठ पोराच्या डोक्यावर. तो टाचा उंच करून पाण्याला तोंड लावायला बघत होता. दोघांच्या मध्ये मोठं अंतर, तिला पलीकडे जाता येईना. जागी झाल्यावर ती रोज त्याच्यासाठी रडून प्रार्थना करत राहिली. पुढे लष्करी तुरुंगात हलवल्यावर, पाय खोड्यात अडकवलेले असताना, तो पुन्हा दिसला. अंग स्वच्छ, अंगावर चांगले कपडे, जखमेच्या जागी नुसता वण. हौदाचा काठ त्याच्या बेंबीपर्यंत खाली आला होता आणि काठावर सोन्याचा भरलेला वाडगा. तो पोटभर प्यायला आणि लहान मुलं खेळतात तसा पाण्यात खेळायला पळाला.

स्वतःचं तान्हं हातातून गेल्यावर लगेचच हा तहानलेला मुलगा स्वप्नात यावा, यात मला कोडं वाटत नाही.

ज्या खेळांत त्यांना जनावरांपुढे टाकायचं होतं त्यांचा दिवस जवळ आला तेव्हा बाप शेवटचा आला. दाढीचे केस उपटून जमिनीवर फेकू लागला, पालथा पडला, आपल्या वयाला शिव्याशाप देऊ लागला. जगातलं कुणीही हेलावून जाईल असं तो बोलत होता, असं ती लिहिते. काय बोलला ते मात्र लिहीत नाही. त्यानंतर तिचं शेवटचं स्वप्न आहे. त्यात ती रिंगणात एका इजिप्शियन मल्लाशी झुंजते, स्वतः पुरुष होऊन, आणि जिंकते. बक्षीस देणारा तिला मुलगी म्हणून हाक मारतो आणि सोनेरी सफरचंदांची हिरवी फांदी देतो. मग ती लेखणी ठेवते. खेळांच्या आदल्या दिवसापर्यंतचं मी लिहिलं, प्रत्यक्ष खेळात काय झालं ते ज्याला लिहायचं त्यानं लिहावं, अशा अर्थाचं सांगून.

संकलकानं ते लिहिलं. तो चांगला लेखक आहे आणि फेलिसितीची गोष्ट आपल्याला त्याच्यामुळेच कळते. गरोदर बाईला देहदंड द्यायचा नाही असा कायदा होता. आपल्याला मागे ठेवून नंतर भलत्याच गुन्हेगारांबरोबर मारतील याची तिला धास्ती. सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली आणि तिला आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. आठव्या महिन्याचं बाळंतपण, जीव घाबरा करणारं. ती विव्हळली तेव्हा एका पहारेकऱ्यानं हिणवलं, की आत्ता ही गत, तर जनावरांसमोर काय करशील. तिनं सांगितलं की आत्ताचं दुखणं माझं मी सोसते आहे, तिथे माझ्यासाठी सोसणारा दुसरा माझ्या आत असेल. मुलगी झाली. तिला एका ख्रिस्ती बहिणीनं स्वतःच्या मुलीसारखी वाढवली. गुलाम बाईचा बाप कोण, आई कोण, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. तिच्यासाठी न्यायालयात मार खायला कुणी नव्हतं.

पर्पेतुआचा तोरा संकलकालाही आवडलेला दिसतो. तुरुंगावरचा अधिकारी कैद्यांना नीट खायला देईना, तेव्हा तिनं त्याला तोंडावर विचारलं: आम्ही सीझरच्या वाढदिवसाचे मानकरी कैदी, आम्ही जरा अंगानं भरलेले दिसलो तर तुझाच लौकिक नाही का? तो ओशाळला आणि वागणूक सुधारली. रिंगणाच्या दारात पुरुषांना सॅटर्न देवाच्या पुजाऱ्यांचे आणि बायकांना सेरेस देवीच्या पुजारिणींचे कपडे घालायला लावले, तेव्हाही तीच अडून बसली. हे करावं लागू नये म्हणूनच तर आम्ही जीव द्यायला कबूल झालो, हा तिचा मुद्दा होता, आणि तो अधिकाऱ्याला मान्य करावा लागला.

बायकांसाठी मुद्दाम मारकी गाय आणली होती. त्यांच्या बाईपणाची चेष्टा म्हणून. त्यांना उघडं करून जाळ्यांत गुंडाळून बाहेर काढलं. एक नाजूक पोर आणि दुसरी ओली बाळंतीण, छातीतून दूध ठिबकतंय. हे पाहून रक्त बघायला जमलेली गर्दीही शहारली. त्यांना परत नेऊन कपडे घालावे लागले. मग गाईनं पर्पेतुआला उडवलं. ती उठून बसली, फाटलेलं वस्त्र मांडीवर ओढलं, पिन मागून घेतली आणि सुटलेले केस बांधले. मोकळे केस म्हणजे सुतक, आणि आज सुतकाचा दिवस नव्हता. मांडी झाकण्यात संकलकाला वेदनेपेक्षा मोठी झालेली लाज दिसते. तिथे मला पुरुषाची नजर जाणवते. केसांचं मात्र मी मानते. मग तिनं पडलेल्या फेलिसितीला हात देऊन उभं केलं. मालकीणवर्गातल्या बाईनं गुलाम बाईला दिलेला तो हात, आणि दोघी शेजारी शेजारी उभ्या. रोमन कार्थेजनं हे याआधी कधी पाहिलं असेल?

सातुरसला बिबट्यानं एकदाच चावा घेतला आणि तो रक्तानं न्हाऊन निघाला. लोकांनी स्नानगृहातून येणाऱ्याला देतात तशी आरोळी दिली. त्यानं तुरुंगाच्या पुदेन्स नावाच्या शिपायाची अंगठी मागून रक्तात बुडवली आणि आठवण म्हणून परत दिली. पुदेन्स तोवर त्यांच्या बाजूचा झाला होता. शेवटी लोकांनी सगळ्यांना मधोमध आणायला लावलं. ते आपल्या पायांनी आले, एकमेकांचं चुंबन घेतलं आणि निमूट तलवारीखाली गेले. पर्पेतुआवर नेमलेला ग्लॅडिएटर नवखा होता. त्याचा घाव हाडावर बसला आणि ती किंचाळली. मग त्याचा थरथरता हात धरून तिनंच आपल्या गळ्यापाशी नेला. ही किंकाळी संकलकानं गाळली नाही याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

ज्याच्या वाढदिवसासाठी हे चाललं होतं तो सम्राटाचा धाकटा मुलगा गेता, तेव्हा १४ वर्षांच्या आसपासचा पोर. २११ मध्ये थोरल्या भावानं, काराकाल्लानं, त्याला आईच्या कुशीत मारवलं. तेव्हा तोही २२ वर्षांचा होता. त्याचं नाव साम्राज्यभरच्या शिलालेखांवरून छिन्नीनं खरडून काढलं. पर्पेतुआच्या लॅटिन मजकुरात ते टिकलं आहे, कैदी बाईनं आपल्या मरणाची तारीख सांगताना सहज लिहिलेलं.

कार्थेजनं या माणसांना जपलं. तिथल्या एका जुन्या बासिलिकेच्या उत्खननात १९०७ मध्ये फुटक्या संगमरवराचे तुकडे सापडले, त्यांवर या हुतात्म्यांची नावं होती. दोनशे वर्षांनी हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन त्यांच्या सणाला प्रवचनं देत. ७ मार्चचा तो सण आजही पाळला जातो. लेकीनं बापाचा मान राखला आणि तरी त्याचं ऐकलं नाही, हे ऑगस्टीनना नेमकं दिसलं होतं. पण दिनोक्रातेसचा प्रश्न निघाला तेव्हा मात्र ते अडले. स्नानसंस्कार न झालेला मुलगाही बहिणीच्या प्रार्थनेनं सुटला, असं कुणी त्या स्वप्नावरून म्हणू लागलं. ऑगस्टीननी उत्तर दिलं, की हे पुस्तक काही पवित्र शास्त्रात मोडत नाही. आणि मुलाचा स्नानसंस्कार झालाही असेल, मग त्या अधार्मिक बापानंच त्याला मूर्तिपूजेकडे ओढलं असेल. एवढ्या मोठ्या माणसाशी वाद घालायची माझी पात्रता नाही. पण या एका वाक्यात त्यांनी त्या बापावर अन्याय केला असं मला मनापासून वाटतं. त्या पानांत बाप मुलांना ओढताना दिसतो खरा. पण दर वेळी मरणापासून दूर.

आणि पर्पेतुआनं तो प्रश्न विचारलाच नव्हता. भाऊ तहानलेला दिसला, तिनं प्रार्थना केली. त्याचा स्नानसंस्कार झाला होता की नव्हता, याचा एक शब्द तिच्या पानांत नाही. म्हणून ७ मार्चला मिस्सेत मृतांसाठी प्रार्थना होते तेव्हा माझ्या आईवडिलांच्या नावांनंतर मी तिच्या वडिलांसाठीही प्रार्थना करते. त्यांचं नाव तिनं लिहिलेलं नाही. रोमन मुली बापाचं कुळ नावात घेत, आणि ती विबिया. तेव्हा ते विबियस असणार. मी तेच नाव घेते.